पोचल्याचा फोन

१

इथून पलीकडचं विमानतळ किती लांब, असं एखाद्या नवख्या उतारूने विचारलं की ती मैल सांगत नसे. "चाळीस मिनिटं," म्हणायची. रस्त्याने जायचं तर मधल्या डोंगरांना वळसे घालता घालता दिवस मोडायचा, आणि कंबरही. वरून मात्र चाळीस मिनिटं. वारा पाठीशी असो की तोंडावर, दोन पंख्यांचं ते म्हातारं विमान थोडं इकडेतिकडे करून वेळेवर यायचंच. ते चालवणारा कॅप्टन तिचा नवरा होता. नवरा वेळेवर घरी येण्याचा तिला जेवढा भरवसा होता, तेवढा जगात फार थोड्या बायकांना असेल.

सगळे तिला मॅनेजरबाई म्हणत. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, त्यातलाच प्रकार. तिकिटं द्यायची, सामान तोलायचं, खुर्च्या पुसायच्या, फोन घ्यायचा, सगळं एकटीनेच. सोबतीला बंबकाका. आगीचा बंब सांभाळणं आणि विमानात तेल भरणं ही त्यांची कामं. जन्मभर इंजिनांच्या शेजारी उभं राहून त्यांचे दोन्ही कान कामातून गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर ओठ दिसतील असं समोर उभं राहावं लागे. डोळे मात्र घारीचे. दुपारी बंबाच्या शेडबाहेरच्या बाकावर बसून ते डोंगरातल्या खिंडीकडे बघत राहायचे, आणि विमानाचा ठिपका दिसला की हात वर करायचे.

कॅप्टन सकाळी विमान घेऊन पलीकडे जायचा आणि दुपारी परत यायचा. हातात धरायचा रेडिओ होता, पण तो विमान खिंडीपाशी आल्यावरच लागे. मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून सगळी भिस्त तारेच्या फोनवर. पलीकडच्या विमानतळावर तिच्यासारखीच एकटी एक ताई होती. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण एकीचे गुडघे कधी दुखतात हे दुसरीला पाठ होतं. विमान उडालं की ताई फोन करून "निघालं" म्हणायची. ते इथे टेकून इंजिन बंद झालं की हिने उलट फोन करून "पोचलं" म्हणायचं. "पोचलं" आलं की ताई ऑफिसला कुलूप लावायची. नाही आलं, तर शोधाशोध सुरू करायची. या दोन शब्दांवर दोन्ही विमानतळं चालली होती.

त्यात हिने एक सवलत काढली होती. ताईच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ताई गेल्याशिवाय त्यांच्या पोटात घास जात नसे. तेव्हा इंजिन बंद होईपर्यंत तिला कशाला ताटकळत ठेवायचं? खिंडीतून विमानाची घरघर ऐकू आली की ही लगेच फोन उचलून "पोचलं" म्हणून मोकळी व्हायची. घरघर आली म्हणजे विमान आलंच की. इतक्या वर्षांत त्यात कधी खोट निघाली नव्हती.

ऑफिसच्या मागेच क्वार्टर होतं, आणि त्याच लाइनीचा दुसरा फोन तिथल्या स्वयंपाकघरात. कॅप्टन घरी पोचला आणि बायको अजून ताईशी गप्पाच मारतेय असं दिसलं, की तिकडचा फोन उचलून मधेच म्हणायचा, "पोचलो हो ताई, एकदाचे!" मग तिघं हसायची. रोजचाच विनोद, पण रोज हसू यायचं.

लेक पलीकडच्या गावात शाळेच्या वसतिगृहात होती. सारखं काहीतरी कुरतडत बसायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. सुट्टीत ती बापाच्या विमानाने यायची. शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्या न उतरता उडी मारायची, आणि आई कामात असली की मागून येऊन तिचे डोळे झाकायची. "ओळख पाहू कोण?" आईने मुद्दाम चुकीची नावं घ्यायची. बंबकाका, डाकवाला, पंतप्रधान. मग हात निघायचे.

२

"निघालं" आणि "पोचलं" यांच्या मधल्या वेळात तिची कामं ठरलेली. आधी खुर्च्या पुसायच्या, मग तराजूचं पारडं झाडायचं, कुंडीला पाणी घालायचं, क्वार्टरमध्ये जाऊन ताटं काढून ठेवायची, आणि परत येऊन चहाच्या कपबशा विसळायच्या. शेवटची बशी पालथी घातली की खिंडीत घरघर व्हायची. घड्याळाकडे बघायची तिला गरजच पडत नसे.

त्या दिवशी ती तराजूपाशी होती आणि घरघर आली.

आज लवकर आले वाटतं, असं मनाशी म्हणत तिने सवयीने फोन लावला. "पोचलं गं." ताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग चाकं टेकल्याचा तो ओळखीचा चर्रर्र आवाज आला, पंख्यांचा सूर उतरत उतरत थांबला, दार उघडलं, शिडी आपटली. ती पदर सारखा करत बाहेर आली.

धावपट्टी रिकामी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ऊन पसरलेलं. वारा दाखवणारी कापडी पिशवी काठीला लोंबत होती. बंबकाका बाकावर बसून खिंडीकडे बघत होते आणि त्यांचे हात मांडीवर होते.

तिने समोर जाऊन विचारलं, "काका, विमान?"

"येईल की. अजून वेळ आहे," काका म्हणाले. "भूक लागली का?"

ती आत आली. उरलेली कामं तिने केली, पण हात चालत होते आणि कान बाहेर होते. शेवटची बशी पालथी घातली. घरघर काही आली नाही. तिने सहज खिडकीतून पाहिलं, तर काकांचा हात वर होता आणि विमान पट्टीवर उतरत होतं. पंखे फिरत होते, चाकांखाली धूळ उडत होती. आवाज म्हणून कसलाही नव्हता. दार उघडलं, चार उतारू खाली आले, मागून कॅप्टन. तो तिच्यापाशी येऊन "काय बाई, भूत बघितल्यासारखं काय बघताय?" म्हणाला, तेव्हा कुठे जगाला पुन्हा आवाज फुटला.

"अहो, आवाज नाही आला तुमचा," ती म्हणाली.

"काकांच्या शेजारी राहून वाण नाही पण गुण लागला," तो हसला आणि किल्ल्या खुळखुळवत घराकडे गेला.

डोंगर आहेत, हवा आहे, कानात दडे बसतात. ती शिकलेली बाई होती. तिने मनाची समजूत घातली आणि ती पटलीसुद्धा, कारण दुसऱ्या दिवशी सगळं नीट झालं.

३

तिसऱ्या दिवशी मात्र घरघर खुर्च्या पुसतानाच आली. त्यानंतर रोजच. आधी आवाज उतरायचा, मग कितीतरी वेळाने मुकं विमान. ताईला "पोचलं" कधी सांगायचं हा आता प्रश्नच होता. पण आवाज आल्यावर हात आपोआप फोनकडे जायचा, आणि ताईच्या सासूबाई डोळ्यांपुढे यायच्या. विमान येतच होतं ना शेवटी? मग दोन घटका आधी सांगितलं तर कुणाचं काय गेलं?

"तुमच्याकडे काही वेगळं वाटतं का गं?" तिने ताईला विचारलं.

"कसलं वेगळं? सकाळी येतं, दुपारी जातं. तुझी झोप होत नाही नीट. लेक यायचीय ना सुट्टीला, म्हणून."

आवाज धीट होत चालला होता. आधी नुसता उतरायचा. मग शिडीवरून पावलं उतरू लागली. मग ती पावलं खडीवरून चालत ऑफिसच्या भिंतीला लागून मागे जाऊ लागली. किल्ल्या खुळखुळत जात. क्वार्टरचं दार कुरकुरे, मोरीतला नळ सुटे, आणि नळाखाली हात धुताना कॅप्टन नेहमी गुणगुणायचा ते बेसूर गाणं ऐकू येई. पहिल्यांदा ती धावत गेली. मोरी कोरडी होती आणि घरात कोणी नव्हतं. दुसऱ्यांदा ती गेली नाही. काउंटरच्या कडेला घट्ट धरून उभी राहिली.

आणि मग एक दिवस जेवायला बसताना तिचं लक्ष कॅप्टनच्या हातांकडे गेलं. बोटांना तेलाचे काळे डाग होते.

"अहो, हात?"

"धुतले ना."

"कधी?"

त्याने हात उलटेसुलटे करून पाहिले. "धुतले की मगाशी. गाणंसुद्धा म्हटलं." मग त्याने मोरीकडे पाहिलं. "म्हटलं ना?"

तिला आठवत होतं की गेले कित्येक दिवस तो घरात आल्यावर गुणगुणला नव्हता. किल्ल्या त्याच्या खिशात असत, पण खुळखुळत नसत. ताईच्या फोनवर मधे बोलून त्याने तो विनोदही कधीचा केला नव्हता. तो यायचा, बसायचा, ताटाकडे बघायचा. जे जे आवाजाने आधीच उरकलेलं असे, ते पुन्हा करायचं त्याला कारण वाटत नसे. दिवसेंदिवस आवाज जास्त येत होता आणि माणूस कमी.

"वर काही होतं का तुम्हाला?" तिने विचारलं. "वाटेत?"

"वाटेत काय व्हायचंय? चाळीस मिनिटं." त्याने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. "एक आहे. हसशील. खिंडीच्या अलीकडे आलं की वाटतं, मी उतरून गेलोय. म्हणजे खाली, घरी. आणि हा जो विमान चालवतोय तो उगाच मागे राहिलाय. खिशातल्या किल्ल्या चाचपून बघतो मी."

"असतात?"

"असतात गं. नसायला काय झालं?"

त्याचा हात तिने हातात घेतला. तेलकट, खरबरीत, तिच्या माणसाचा हात. तिला रडूच आलं. तो म्हणाला, "अगं वेडे, मन चिंती ते वैरी न चिंती. शुक्रवारी खारू येतेय. तिच्यापुढे असलं तोंड करून बसू नकोस."

४

शुक्रवारी खारू येतेय. एरवी ती दिवस मोजायची, या वेळी दिवस मागे ढकलता आले तर बरं असं तिला वाटत होतं.

दोनदा तिने ताईला फोन लावला आणि दोनदा वेगळंच बोलून ठेवला. सांगणार तरी काय? आवाज आधी येतो म्हणून मुलीला बसवू नका? ताईने तिलाच एखाद्या डॉक्टरकडे जायला सांगितलं असतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. काका ऐकू शकत नव्हते. कॅप्टन हसण्यावारी नेत होता. साक्षीदार म्हणाल तर तिचे स्वतःचे दोन कान, आणि आपलेच कान फितूर झाले तर तक्रार कुणाकडे करायची?

तरी सकाळी कॅप्टन निघताना तिने त्याची वाट अडवली. "आज एकटेच या. तिला पुढच्या आठवड्यात आणू."

"आणि ती तिकडे दप्तर बांधून बसलीय तिचं काय? रडून आकांत करेल." त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, कितीतरी दिवसांनी. "येतो."

"या," ती म्हणाली. "सगळेच्या सगळे या."

तो हसला. पण शिडी चढताना त्याने एकदा खिसा चाचपला, ते तिने पाहिलं.

विमान उडाल्यावर तिने मनाशी एकच गोष्ट पक्की केली. आज काहीही ऐकू आलं तरी "पोचलं" म्हणायचं नाही. दोघांना हाताने चाचपून बघितल्याशिवाय नाही. सासूबाईंना एक दिवस उशिरा जेवण मिळालं तर आभाळ कोसळणार नव्हतं. मग काकांपुढे जाऊन तिने ओठ नीट हलवत सांगितलं, "आज माझ्या कानांवर माझा भरवसा नाही. तुमचे डोळे म्हणतील ते खरं. डोळ्यांत तेल घालून बसा."

"ते तर रोजच बसतो," काका म्हणाले. पण तिचा चेहरा बघून त्यांनी चहा नको म्हटलं आणि बाक ओढून शेडपासून पुढे, थेट पट्टीच्या कडेला नेला.

५

दुपारी फोन वाजला.

"निघालं बाई तुझं पाखरू," ताई म्हणाली. "आज उतारू तेवढी एकच. बापाच्या शेजारच्या सीटवर बसलीय, राणीसारखी. वाटेत खायला मी पेरू दिलाय, आईने ओरडू नये म्हणावं."

"ताई, ऐक—" ती म्हणाली.

आणि फोन कानाला असतानाच खिंडीतून घरघर आली.

"काय गं?"

"काही नाही. आज मी फोन करेपर्यंत जाऊ नकोस. कितीही वेळ लागला तरी. माझ्या गळ्याची शपथ."

"बरं बाई, नाही जात," ताई म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं.

फोन ठेवेपर्यंत चाकं टेकली होती. पंख्यांचा सूर उतरला. दार, शिडी. आधी कॅप्टनची जड पावलं. मग हलकी, भरभर, आणि शेवटी दोन पाय एकदम खाली आपटल्याचा धप्प. खारूची उडी.

"आईऽऽ!"

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. खिडकीतून पट्टी दिसत होती, रिकामी, स्वच्छ. काका पाठमोरे बसले होते आणि त्यांची मान खिंडीवरून हलली नव्हती.

पावलं खडीवरून आली, भिंतीला लागून मागे गेली. क्वार्टरचं दार कुरकुरलं. नळ सुटला. बापलेकीचं काहीतरी चाललं होतं, शब्द कळत नव्हते पण सूर ओळखीचा होता, ती तक्रार करतेय आणि तो चिडवतोय. मग गुणगुणणं. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज, आणि खारूचं ते खुदकन हसणं. आईचा जीव तो. पाय आपोआप दाराकडे वळले. तिने ते मागे ओढले आणि फडकं घेतलं.

खुर्च्या पुसल्या. तराजूचं पारडं झाडलं. कुंडीला पाणी घातलं. ताटं काढायला क्वार्टरमध्ये जायचं होतं, ते काम तिने टाळलं. तसंही तिकडे ताटं काढल्याचा आवाज होऊन गेला होता. कपबशा विसळायला घेतल्या. शेवटची बशी पालथी घालताना दोनदा वाजली.

काकांचा हात खालीच होता.

ती बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. ऊन डोक्यावरून कलायला लागलं. चाळीस मिनिटं केव्हाच सरली असणार. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिंडीकडे डोळे लावले. मागे घरात खारू हसत होती.

आणि मग काकांचा हात वर गेला.

"दिसलं!"

खिंडीत ठिपका होता. पंखांचा, खरा, उन्हात एकदा चमकलेला. तिचे डोळे भरून आले. काकांच्या खांद्याला तिने घट्ट धरलं. दोघं बघत राहिली.

ठिपका मोठा होत नव्हता.

"हे काय," काका पुटपुटले. "येतंय तर येत का नाही?"

ती आत धावली आणि रेडिओ उचलून तिने बटण दाबलं. "कॅप्टन! ऐकू येतंय का? कॅप्टन!"

खरखर. मग फार लांबून, दमलेला, तहानलेला त्याचा आवाज. "अगं, किती वेळ हाका मारतोय. खाली कोणी आहे की नाही?"

"आहे! मी आहे. काका आहेत. उतरा तुम्ही, लवकर उतरा."

"उतरू कुठे? पट्टीवर विमान उभं आहे. कोणाचं आहे गं? हटवायला सांग."

तिने खिडकीतून पाहिलं. पट्टीवर काही नव्हतं. काकांचा बाक, काका, आणि ऊन.

"अहो, पट्टी रिकामी आहे."

"रिकामी कशी? दार उघडं आहे, शिडी लावलेली आहे. आपल्याचसारखं दिसतंय." रेडिओत मधे खारूचा रडवेला आवाज आला. "बाबा, आपण कधी पोचणार?"

तेवढ्यात फोन वाजला.

तिने एका हातात रेडिओ तसाच धरून दुसऱ्या हाताने फोन उचलला. पलीकडे ताई होती, जरा घाबरलेली. "अगं, शपथ घातलीस म्हणून बसलेय, पण फारच वेळ झाला. पोचलं का?"

"नाही," ती म्हणणार होती. नाही पोचलं, वर अडकलंय, कोणालातरी पाठव, सगळ्यांना सांग, शोध सुरू कर. हे सगळं तिच्या ओठांवर होतं. तिने श्वास घेतला.

लाइनीवर खट्ट झालं. क्वार्टरमधला फोन कोणीतरी उचलला होता.

"पोचलो हो ताई, एकदाचे!"

कॅप्टनचा आवाज. खणखणीत, पोट भरल्यासारखा. त्याच्यामागून खारू ओरडली, "ताईमावशी, पेरू संपला!"

"अरे देवा!" ताई मोकळेपणी हसली. "मी इथे देव पाण्यात घालून बसलेय आणि तुम्ही तिकडे चेष्टा करताय होय? कमाल आहे बाई तुझ्या नवऱ्याची. चल, मी निघते, सासूबाई खोळंबल्यात."

"ताई, थांब! ते नाहीत ते! ताई!"

फोन ठेवला गेला होता. तिने पुन्हा लावला. कुलूप घातलेल्या ऑफिसात घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. दुसऱ्या हातातला रेडिओ मुका होता. साधी खरखरही नाही.

६

रेडिओ हातात घेऊन ती बाहेर आली तेव्हा काकांचा हात खाली आला होता. खिंडीत नुसतं आभाळ होतं.

"काका, कुठे गेलं?"

काकांनी तिच्या ओठांकडे पाहिलं नाही. ते मान वळवून क्वार्टरच्या दिशेने बघत होते, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर नवल होतं. मग हळूहळू हसू आलं. डोळे पाणावले.

"मॅनेजरबाई," ते म्हणाले, "पोरगी हाक मारतेय की तुम्हाला. केवढा गोड आवाज आहे हो तिचा. मी कधी ऐकलाच नव्हता."

"काका, तिकडे बघू नका. खिंडीकडे बघा. तुमच्या पाया पडते, खिंडीकडे बघा."

"आता कशाला? पोचले की ते." बाक उचलून काका शेडकडे निघाले. बंबाच्या शेडचं दार त्यांनी ओढून घेतलं, कडी घातली. आणि दाराचा तो करकर आवाज ऐकून लहान मुलासारखे पुन्हा उघडून, पुन्हा लावून बघत राहिले.

ती पट्टीच्या कडेला उभी राहिली. आता तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. नजर हलवायची नाही, एवढंच तिला कळत होतं. कोणीतरी वाट बघत असलं पाहिजे. कोणीतरी म्हणत असलं पाहिजे की ती दोघं अजून यायची आहेत. डोळ्यांत पाणी येत होतं तरी ती पापणी लववत नव्हती. रेडिओचं बटण तिने दाबून धरलं होतं. "मी आहे," ती म्हणत होती. "मी आहे इथे. मी बघतेय. या तुम्ही."

खिंडीच्या अगदी खालच्या कडेला काहीतरी चमकल्यासारखं झालं. लहानसं, सुईच्या टोकाएवढं. ती पुढे झुकली.

मागे खडी वाजली. हलकी, भरभर पावलं. ती वळली नाही. पावलं तिच्या अगदी मागे येऊन थांबली. पेरूचा वास आला, आणि साबणाचा.

मग दोन लहान हात मागून आले आणि त्यांनी तिचे डोळे झाकले. ओले होते, नुकतेच धुतलेले. आणि चांगले ऊबदार.

"ओळख पाहू कोण?"

तिने एकही नाव घेतलं नाही. आणि हात निघाले नाहीत.